जुलैत कंद शोधताना

घर विकलं गेलं जूनच्या शेवटी.
चाव्या द्यायच्या होत्या तेरा जुलैला.
नेल्के आली ऑस्लोहून, खांद्याला एकच पिशवी,
म्हणाली, मला आईचे ट्युलिप हवेत, बाकी काही नको.
मी म्हटलं, मला तळ्याकाठचा पाणझेंडू.
झाली वाटणी. कॉफीसुद्धा निवली नव्हती.
सायकलीच्या भांडणापासून
इतकं सरळ आमच्यात काही झालं नव्हतं.

पाणझेंडू समोरच उभा.
फुलं केव्हाच संपलेली, एप्रिलमधली ती पिवळीजर्द,
अंड्याच्या बलकासारखी,
पण पानं बशीएवढी, कडेला बारीक दातेरी,
आणि पाय चोवीस तास पाण्यात.
लपणं त्याला जमत नाही.
तहान लागली की चारचौघांत मान टाकतो,
शेजारच्या मिंट्ये काकू कुंपणावरून सांगतात,
अरे, तुमचं ते झाड बघ.
मी फावडं घातलं. चिखलाने कुरकुरत सोडलं.
बादलीत बसवला, वर तळ्याचंच पाणी घातलं,
नळाचं नाही. आई ओरडली असती.

कंदाचं तसं नसतं.
जुलैत कंद कुठेच नसतो.
पानं मीच मे महिन्यात गवताबरोबर कापलेली
(पिवळी पडेपर्यंत थांबायला हवं होतं, कबूल),
आणि आईने खुणेला रोवलेल्या काड्या
मीच शेगडीत घातलेल्या.

कुठे? नेल्केने विचारलं.
नासपतीखाली.
कुठल्या बाजूला?

मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो.
चाळीस वसंत त्या पायरीवर बसून कॉफी प्यायलो.
मला सांगता येईना.
ती तीन वर्षांतून एकदा येणारी, तिला पाठ होतं:
पायरीपासून सात पावलं, मग डावीकडे.
खणलं. गांडुळं निघाली,
कौलाचा तुकडा, एक निळी गोटी.
गोटी माझी होती, ती मी खिशात टाकली.

अंधार पडेपर्यंत चार कंद मिळाले.
चौथा फावड्याने मधोमध चिरला गेला.
आत पांढऱ्या पाकळ्या, कांद्यासारख्याच,
आणि मध्ये तो पिवळा कोंब.
दोघेही एकदम म्हणालो:
तो आधी काढायचा, बाधतो.

आई पाच वर्षांची होती, हारलेमला,
युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात.
तिची आई कंद किसायची, उकडायची, मीठ असलं तर मीठ.
चव कशी होती? विचारलं की म्हणायची,
ओल्या भुश्शासारखी. जा, हात धू.
पुढे साठ वर्षं तिने तेच लावले,
आणि एकही फूल कापून फुलदाणीत ठेवलं नाही.
त्याचं कारण आम्ही कधी विचारलं नाही.

नेल्केने तीन कंद एका लोकरी मोज्यात घातले,
मोजा पिशवीत, पिशवी विमानात.
ऑक्टोबरपर्यंत त्यांना कुणाची गरज नाही,
ना पाण्याची, ना प्रेमाची,
तिच्यासारखेच, असं मनात आलं, आणि मी ते मनातच ठेवलं.
माझी बादली गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून.
प्रत्येक वळणावर सांडली.
सप्टेंबरपर्यंत गाडीला बेडकांचा वास येत होता.

आता एप्रिल.
पाणझेंडू माझ्या गॅलरीत, जुन्या टबात,
रोज संध्याकाळी वाकून पाणी किती उरलं ते बघतो.
सात फुलं आलीत. गुडघे दुखतात.
नेल्के लिहिते, तीनपैकी दोन उगवले, अजून मिटलेले,
तिकडे अजून बर्फ आहे.

आणि काल फोन आला, त्या घरातून,
नव्या मालकीणबाई, एस्रा नाव त्यांचं:
नासपतीखाली काहीतरी लाल उगवलंय, अकरा मोजले,
तुमचे आहेत का? येऊन नेता का?

पायरीपासून किती पावलं? मी विचारलं.
त्या मोजत गेल्या, फोन हातातच.
नऊ. मग उजवीकडे.

राहू द्या, म्हटलं. फक्त एक करा,
फुलं गळली तरी पानं कापू नका.
वाईट दिसतील, दिसू देत.
पिवळी पडू द्या पूर्ण.